शेवटची तपासणी चुकवू नका : मज्जारज्जूची इजा किती गंभीर, हे एशिया श्रेणीने कसं ठरवायचं

मे महिन्यात तापी-गिरणेच्या पट्ट्यात विहिरी तळाला जातात, पण पोरं गेल्या वर्षीच्याच उंचीवरून सूर मारतात. डोकं तळाला लागतं आणि मान मोडते. निंबाच्या झाडावर बकऱ्यांसाठी पाला तोडायला चढलेला माणूस खाली येतो, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपलेला रात्री उठताना कडेवरून जातो, कापसाच्या गाठोड्यांवर बसलेल्या बाया ट्रॉलीसकट उलटतात. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या वॉर्डांत मणक्याचे पेशंट बहुतेक असेच येतात. बाकीचे येतात महामार्गांवरून.

पेशंट आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चालेल का?" आणि बऱ्याचदा उत्तर एमआरआयच्या फिल्मकडे बघून दिलं जातं, "कम्प्लीट आहे," म्हणजे इजा पूर्ण आहे, खाली काहीच शिल्लक नाही. या एका शब्दावर घरात निर्णय होतात. शेत गहाण टाकायचं की नाही, पुढे न्यायचं की घरी, सूनबाईला माहेरी पाठवायचं का, इथपर्यंत. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून या भागात बरीच वर्षं काम करतो. "कम्प्लीट" हा शब्द पुरेशी तपासणी न करता लिहिलेला मी इतक्या वेळा पाहिलाय, की हा लेख लिहावाच लागला. नव्याने काम सुरू केलेले फिजिओ, नर्स आणि आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांच्यासाठी तो आहेच. पण घरच्यांनीही वाचावा, म्हणजे कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय हे त्यांना विचारता येईल. श्रेणी मात्र शिकलेल्या माणसानेच द्यायची. घरी टाचणी घेऊन बसू नका.

आधी अक्षरांचा घोळ सोडवू

जगभर वापरली जाणारी पद्धत अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनची आहे. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला "एशिया स्केल" म्हणतात, आशिया खंडाशी तिचा संबंध नाही. तिच्या आधी फ्रँकेल श्रेणी होती. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयाच्या अनुभवावर बेतलेली ती श्रेणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ताकद "उपयोगी" की "निरुपयोगी" असा भेद होता आणि तो तपासणाऱ्याच्या मनावर होता. एकाला जी ताकद उपयोगी वाटे, ती दुसऱ्याला वाटत नसे. १९८२ मध्ये अमेरिकन संस्थेने तपासणीची प्रमाणित पद्धत आणली. १९९२ मध्ये श्रेणी नव्याने बांधली आणि "उपयोगी"च्या जागी मोजता येणारे आकडे आले. त्यानंतर सुधारणा होत गेल्या, त्यातली एक महत्त्वाची २०१९ची.

श्रेणी पाच आहेत, ए, बी, सी, डी आणि ई. ए सर्वांत गंभीर, ई म्हणजे तपासणीत सगळं पूर्ववत.

गोंधळ सुरू होतो तो इथून. मज्जारज्जूचे भागही अक्षरांनीच ओळखले जातात. मानेचे सी १ ते सी ८, छातीचे टी १ ते टी १२, कमरेचे एल १ ते एल ५, त्याखालचे एस १ ते एस ५. म्हणजे "सी ५, एशिया सी" यातले दोन सी वेगळे. पहिला इजेची पातळी सांगतो, दुसरा गंभीरता. त्यात आपल्याकडे छातीच्या मणक्यांना टी ऐवजी डी लिहायची सवय आहे. "डी १२ फ्रॅक्चर" वाचून एका बापाने मला विचारलं होतं, "डी म्हणजे चांगलं ना? नेटवर डी चांगलं लिहिलंय." त्याला समजावताना मला फार जड गेलं. म्हणून माझी विनंती आहे, डिस्चार्जच्या कागदावर पातळी लिहिताना टी लिहा आणि श्रेणीच्या आधी "एशिया" हा शब्द लिहा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. मोडलेल्या मणक्याचा नंबर आणि मज्जारज्जूच्या इजेची पातळी एकच असेल असं नाही. मज्जारज्जू मणक्यांच्या नळीपेक्षा आखूड असते, मोठ्या माणसात ती साधारण एल १-एल २ मणक्याजवळ संपते. झाडावरून पडल्यावर नेहमी मोडतो तो टी १२ किंवा एल १ मणका, आणि त्याच्या मागे असतो रज्जूचा शेवटचा शंकू, जिथे पायांचे आणि संडास-लघवीचे भाग दाटीने बसलेले असतात. हाड फिल्मवर दिसतं. श्रेणी मात्र शरीर तपासूनच मिळते.

कधी तपासायचं

पहिल्या दिवशी तपासाच. पुढे सुधारतंय की बिघडतंय हे त्याच्याशीच ताडायचं असतं, आणि ताकद उतरत चालली तर ती तातडीची बाब आहे. पण त्या दिवशीच्या श्रेणीवर भविष्य सांगू नका. इजेनंतर रज्जू काही काळ सुन्न पडते, इजेखालचे प्रतिक्षेप (आपोआप होणाऱ्या हालचाली, रिफ्लेक्स) जातात, स्नायू लुळे पडतात. याला स्पायनल शॉक म्हणतात. शिवाय पहिल्या रात्री माणूस वेदनेत असतो, गुंगीच्या इंजेक्शनवर असतो, कधी डोक्यालाही मार असतो, कधी दारू प्यायलेला असतो. ७२ तासांनंतर केलेली तपासणी पुढचा अंदाज बांधायला पहिल्या दिवसापेक्षा जास्त भरवशाची असते.

तपासणीसाठी उपचार थांबवायचे नाहीत. ऑपरेशनला न्यायचं असेल तर न्या. आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन नोंदी झाल्या म्हणजे झालं.

शुद्धीत नसलेल्या किंवा सूचना न समजणाऱ्या पेशंटची पूर्ण श्रेणी काढता येत नाही. हात प्लास्टरमध्ये असेल तर त्या हाताचा स्नायू तपासता येत नाही. अशा जागी शून्य लिहू नका. या तपासणीच्या ठरलेल्या फॉर्मवर "एनटी", म्हणजे तपासता आलं नाही, असं लिहायची सोय आहे. शून्य म्हणजे तपासलं आणि काहीच सापडलं नाही. हा फरक पाळला नाही तर तीन महिन्यांनी "शून्याचे तीन झाले" म्हणून खोटा आनंद होतो.

काय लागतं

कापसाची वात, नवी सेफ्टी पिन, हातमोजे, जेली, फॉर्म आणि एक पडदा. फॉर्म त्या संस्थेच्या वेबसाइटवर मोफत मिळतो. पिन प्रत्येक पेशंटला नवी, वापरल्यावर सुयांच्या डब्यात टाकायची. हातोडी, यंत्र, मोठी खोली यातलं काही लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका.

पेशंटला पाठीवर झोपवूनच तपासा. तो पुढे बसता झाला तरी झोपवूनच, नाहीतर आधीच्या आकड्यांशी तुलना होत नाही. पाठीचा मणका अजून स्थिर केलेला नसेल तर मांडी ९० अंशांपलीकडे वाकवायची नाही.

संवेदना : पेशंटच्या बोलीत विचारा

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण आपल्याकडे तो इथेच चुकतो.

शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठरलेले बिंदू आहेत, सी २ पासून एस ४-५ पर्यंत. प्रत्येक बिंदूवर दोन तपासण्या, कापसाचा हलका स्पर्श आणि पिनची टोचणी. गुण ०, १ किंवा २. चेहऱ्याची, म्हणजे गालाची संवेदना हे माप. गालासारखंच लागलं तर २. लागतं पण वेगळं, कमी किंवा झोंबल्यासारखं, तर १. कळतच नाही तर ०. टोचणीत एक विशेष नियम आहे. काहीतरी लागलं हे कळतं, पण टोकदार की बोथट हे सांगता येत नाही, तर तेही शून्यच. शंका असेल तर दहा वेळा टोक आणि बोथट बाजू उलटसुलट लावायची, आठ उत्तरं बरोबर आली तरच टोचणी कळते असं धरायचं.

आता अडचण बघा. शिरपूर-शहाद्याकडच्या म्हाताऱ्याला प्रमाण मराठीत "तीक्ष्ण की बोथट?" असं विचारलं की तो मान हलवतो. प्रत्येक प्रश्नाला हलवतो, कारण डॉक्टरला नाही म्हणायचं नसतं. अशा होकारांवर भरलेला फॉर्म रद्दीत जायच्या लायकीचा असतो. त्याच्या बोलीत, म्हणजे अहिराणीत, विचारा, "बाबा, आठे टोचस का नुसता हात लागस?" तो लगेच सांगतो, "नही, टोचस नही, नुसतं समजस." या एका वाक्यात टोचणी ० आणि स्पर्श बहुधा १ असे दोन आकडे मिळतात. सातपुड्यातला पावरी किंवा भिलोरी बोलणारा पेशंट असेल तर त्याच्या माणसाला जवळ घ्या. त्याने फक्त भाषा सांगायची, उत्तर नाही. आई-बापांना मुलाचं उत्तर "हो" यावं असं इतकं वाटत असतं, की ती नकळत सुचवतात.

आधी डोळे उघडे ठेवून गालावर दोन्ही टोकं लावून दाखवा. मग डोळे मिटायला सांगा. मधूनमधून काहीच न लावता "आता?" असं विचारा. तरीही "हो" आलं तर थांबा, चहा पिऊन या, पुन्हा सुरुवात करा.

सगळे बिंदू फॉर्मवर चित्रासकट असतात. पाठ करायला सोपे असे काही सांगतो. अंगठा सी ६, मधलं बोट सी ७, करंगळी सी ८. स्तनाग्रांची रेषा टी ४, बेंबी टी १०. गुडघ्याची आतली बाजू एल ३, आतला घोटा एल ४, पावलाचा वरचा भाग एल ५, टाचेची बाहेरची कड एस १. गुदद्वाराभोवतीची त्वचा एस ४-५.

छातीच्या वरच्या भागात एक फसगत आहे. खांद्यावरून गळ्याखाली उतरणारी त्वचा सी ४ची असते आणि तिच्या लगेच खाली टी २ सुरू होतो. मधले हाताचे सगळे भाग छातीवर नसतातच. त्यामुळे मानेची इजा असलेला माणूस "छातीवर कळतं" म्हणतो आणि नातेवाइकांना वाटतं की इजा छातीखाली आहे. हातावरचे बिंदू तपासल्याशिवाय छातीवर जाऊ नका.

ताकद : दहा स्नायू, पण नक्कल ओळखा

प्रत्येक बाजूला दहा हालचाली तपासायच्या. हाताच्या पाच : कोपर वाकवणं सी ५, मनगट वर उचलणं सी ६, कोपर सरळ करणं सी ७, मधल्या बोटाचं टोक वाकवणं सी ८, करंगळी बाहेर पसरवणं टी १. पायाच्या पाच : मांडी पोटाकडे उचलणं एल २, गुडघा सरळ करणं एल ३, पाऊल वर ओढणं एल ४, पायाचा अंगठा वर उचलणं एल ५, पाऊल खाली दाबणं एस १.

गुण ० ते ५. काहीच नाही तर ०. हालचाल नाही पण बोटाला स्नायू आवळलेला लागतो तर १. वजन झेलायचं नसेल अशा आडव्या स्थितीत पूर्ण हालचाल होते तर २. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल तर ३. थोडा जोर लावला तरी टिकते तर ४. पूर्ण ताकद ५. दोन्ही बाजूंची बेरीज १०० पैकी येते, हातांची ५० आणि पायांची ५०. त्या दोन बेरजा वेगळ्याच लिहायच्या.

शरीर इथे आपल्याला फसवतं. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, त्यात बोटांची ताकद नसते, नुसता स्नायूंच्या दोऱ्यांचा (टेंडनचा) ताण असतो. कोपर सरळ करता येत नसेल तर माणूस खांदा बाहेर फिरवतो आणि हात स्वतःच्या वजनाने सरळ होतो. म्हणून एका हाताने वरचा सांधा धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्नायूवर ठेवा.

सगळ्यांत दुखरी फसगत पायाच्या उसळीची. काही आठवड्यांनी पाय स्वतःहून झटके देऊ लागतात. पांघरूण ओढलं की गुडघा वाकतो. घरात आनंदाची लाट येते, फोन जातात, नवस बोलले जातात. ही उसळी आहे, इच्छेने झालेली हालचाल नाही. सांगितल्यावर हलवता येतो का, थांब म्हटल्यावर थांबवता येतो का, पुन्हा सांगितल्यावर पुन्हा होतं का, हे तीनदा बघा. घरच्यांना सांगताना हळू सांगा, पण सांगा.

शेवटची तपासणी, जी सगळे टाळतात

गुदद्वाराची तपासणी केल्याशिवाय एशिया श्रेणी देता येत नाही. यात पळवाट नाही.

कारण रज्जूच्या रचनेत आहे. मेंदूकडून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या तारांमध्ये सर्वांत खालच्या, म्हणजे एस ४-५च्या, तारा बाहेरच्या कडेला असतात. मार मधोमध बसला तर पाय पूर्ण गेलेले असूनही कडेच्या काही तारा वाचू शकतात. त्या वाचल्या असतील तर मेंदू आणि रज्जूचं शेवटचं टोक यांच्यात कुठेतरी धागा शिल्लक आहे. म्हणूनच "पूर्ण" आणि "अपूर्ण" यांची सीमा पायांवर न ठेवता या जागेवर ठेवलेली आहे.

तपासायच्या गोष्टी चार. तिथल्या त्वचेवर कापसाचा स्पर्श आणि पिनची टोचणी, दोन्ही बाजूंना. मग जेली लावलेलं बोट आत घालून भिंतीवर हलका दाब दिल्यावर कळतो का. आणि शेवटी, पेशंटला स्वतःच्या इच्छेने आवळता येतं का. स्पर्श किंवा टोचणी कळत असेल तर आतल्या दाबाची तपासणी सोडली तरी चालते, पण आवळण्याची तपासणी करावीच लागते. "संडास आली आणि दाबून धरायची आहे, तसं करा," असं सांगितलं की समजतं. कुंथणं म्हणजे आवळणं नव्हे, आणि बोट घालताच झालेला आकुंचनाचा झटका हा प्रतिक्षेप आहे. सांगितल्यावर आवळलं तरच मोजायचं.

ही तपासणी लाजेपोटी सुटते. अमळनेर तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या अपघाताला दहा आठवडे झाले होते. कागदावर "कम्प्लीट, ए" लिहिलेलं. मी विचारलं, "ताई, मागच्या जागेची तपासणी केली होती का?" ती म्हणाली, "नाही भाऊ, कुणी विचारलंच नाही. सगळे पुरुष होते." आमच्या सिस्टरांनी पडदा लावून तपासणी केली. आतला दाब तिला स्पष्ट कळत होता. ती पहिल्या दिवसापासून बी असेल की मधल्या काळात ए ची बी झाली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण सुरुवातीची नोंदच नाही. त्या दहा आठवड्यांत घरच्यांनी तिला एका खोलीत ठेवून दिलं होतं आणि माकडहाडावर जखम पडली होती. माझा राग त्या दहा आठवड्यांवर आहे.

तेव्हा आधी सांगा, का करतोय ते सांगा, परवानगी घ्या, नातेवाइकांना बाहेर बसवा. बाईची तपासणी असेल तर महिला सहकारी हवीच. वाक्य साधं ठेवा : "इथे थोडं जरी कळत असेल तर पुढचा अंदाज बदलतो." हे ऐकल्यावर नकार देणारं माणूस मला फार क्वचित भेटलंय.

पातळी काढणं

संवेदनेची पातळी म्हणजे स्पर्श आणि टोचणी दोन्ही २ असलेला सर्वांत खालचा भाग, त्याच्या वरचे सगळेही २ असायला हवेत. ताकदीची पातळी म्हणजे किमान ३ गुण असलेला सर्वांत खालचा स्नायू, त्याच्या वरचे सगळे ५ हवेत. उजवी-डावी वेगवेगळी काढायची. छातीच्या भागांना तपासण्याजोगा ठरलेला स्नायू नाही, तिथे वरची ताकद पूर्ण असेल तर संवेदनेची पातळी तीच ताकदीची धरायची. अशा चार पातळ्या मिळतात. त्यांतली सर्वांत वरची, म्हणजे डोक्याच्या सर्वांत जवळची, ती इजेची एकत्रित पातळी.

श्रेणी ठरवणं : एक पेशंट घेऊन बघू

समजा, विहिरीत सूर मारलेला बावीस वर्षांचा मुलगा. चौथा दिवस. उजवा हात : सी ५ पाच, सी ६ चार, सी ७ दोन, सी ८ आणि टी १ शून्य. डावा हात : सी ५ पाच, सी ६ तीन, सी ७ एक, बाकी शून्य. उजव्या पायात मांडी उचलण्याला दोन आणि गुडघ्याला एक, बाकी शून्य. डावा पाय पूर्ण शून्य. संवेदना उजवीकडे सी ६पर्यंत आणि डावीकडे सी ५पर्यंत पूर्ण. त्याखाली स्पर्श सगळीकडे अंधूक, १, अगदी गुदद्वारापर्यंत. टोचणी हाताखाली शून्य. आवळता येत नाही.

पातळ्या : संवेदना उजवी सी ६, डावी सी ५. ताकद दोन्हीकडे सी ६, कारण सी ६ला किमान ३ आहे आणि सी ५ पाच आहे. सर्वांत वरची सी ५. म्हणून एकत्रित पातळी सी ५.

पहिला प्रश्न : इजा पूर्ण आहे का? एस ४-५ वर स्पर्श नाही, टोचणी नाही, आतला दाब नाही, आवळणं नाही, अशी चारही उत्तरं "नाही" असती तर ए. इथे स्पर्श आहे. म्हणजे ए नाही.

दुसरा प्रश्न : ताकदीच्या बाजूनेही अपूर्ण आहे का? दोन रस्ते आहेत. इच्छेने आवळता येत असेल तर हो. नसेल, तर एस ४-५ची संवेदना शिल्लक असून त्याच बाजूच्या ताकदीच्या पातळीपासून तीनपेक्षा जास्त भाग खाली कुठेही हालचाल आहे का, हे बघायचं. उजवीकडे पातळी सी ६, खालचे तीन सी ७, सी ८, टी १. मांडीचा एल २ त्याच्या खूप खाली आहे आणि तिथे दोन गुण आहेत. म्हणजे हो. हा रस्ता बंद असता, पाय दोन्ही शून्य असते, तर श्रेणी बी झाली असती.

तिसरा प्रश्न, सी की डी? आता एकत्रित पातळीच्या खालचे स्नायू मोजायचे. सी ५च्या खाली प्रत्येक बाजूला नऊ, एकूण अठरा. त्यांत तीन किंवा जास्त गुणांचे किती? उजवा सी ६ आणि डावा सी ६, फक्त दोन. निम्म्याहून, म्हणजे नऊहून, कमी. म्हणून सी. नऊ किंवा जास्त असते तर डी.

एक बारकावा जाणकारही चुकवतात. बी आणि सी यांत निवडताना प्रत्येक बाजूची ताकदीची पातळी वापरायची, सी आणि डी यांत निवडताना एकत्रित पातळी. दोन्हीकडे एकच माप लावलं तर श्रेणी एक घर सरकू शकते.

याच मुलाचं शेवटचं परीक्षण टाळलं असतं तर? पाय जवळजवळ गेलेले, डावा पूर्ण शून्य, फिल्मवर मणका सरकलेला. मला खात्री आहे, कुणीतरी ए लिहून टाकलं असतं.

ई फक्त आधी दोष असलेल्या आणि आता तपासणीत सगळं पूर्ववत आलेल्या माणसाला देतात. ज्याला कधी इजाच झाली नाही त्याला श्रेणी देत नाहीत.

"चालेल का?" याचं उत्तर

आकडेवारी फेकू नका, पण गप्पही राहू नका. मी असं सांगतो.

महिन्याभरानेही ए असेल तर पायांवर पुन्हा चालण्याची शक्यता फार कमी आहे. इजेच्या लगतच्या एक-दोन भागांत ताकद येऊ शकते, आणि मानेच्या इजेत तेवढ्यानेही फार फरक पडतो. सी ६च्या जोडीला सी ७ आला की कोपर सरळ करून स्वतःचं वजन उचलता येतं, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत जाता येतं. बी असेल तर टोचणी शिल्लक आहे का ते बघा. खालच्या भागात टोचणी शिल्लक असलेल्यांचा पुढचा अंदाज नुसता स्पर्श असलेल्यांपेक्षा चांगला असतो. सी मधले अनेक जण आणि डी मधले बहुतेक जण आधाराने किंवा आधाराशिवाय चालू लागतात, तरुणांना यात वयाचा फायदा मिळतो.

पण श्रेणी म्हणजे आयुष्य नव्हे. मानेचे मणके झिजलेला साठीतला शेतकरी बांधावर घसरून हनुवटीवर पडतो. रज्जूचा मधला भाग दुखावतो, पाय बरेच वाचतात, हात जातात. तो वॉर्डात चालत फिरतो, श्रेणी डी, आणि भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, नाडी बांधता येत नाही. कागदावर तो सुधारलेला, घरात मात्र दुसऱ्याच्या हाताने जेवणारा. दुसरीकडे टी १०च्या ए श्रेणीचा तरुण खुर्चीवर बसून दुकान चालवतो. म्हणून श्रेणीच्या जोडीला रोजच्या कामांचं माप घ्या. त्यासाठी मज्जारज्जूच्या पेशंटकरताच बनवलेलं एससीआयएम नावाचं १०० गुणांचं मापन आहे. खाणं, अंघोळ, संडास-लघवी, कूस बदलणं, फिरणं, सगळं त्यात येतं.

श्रेणी कोणतीही असो, काळजी तीच. दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवी वेळच्या वेळी, स्वच्छ नळीने, तुंबू न देता. टी ६ किंवा त्यावरची इजा असेल तर एक धोका घरच्यांना शिकवूनच पाठवा. अचानक डोकं ठणकणं, इजेच्या वर घाम, चेहरा लाल, रक्तदाब भराभर चढणं. बहुतेक वेळा नळी अडलेली असते किंवा संडास साठलेली असते. लगेच उठवून बसवा, नळी बघा, कपडे सैल करा आणि थांबलं नाही तर १०८ला फोन करा.

कागद

पुन्हा तपासणी महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने करा, शक्यतो त्याच माणसाने. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) जिल्हा रुग्णालयात जाताना हे जुने फॉर्म सोबत न्या. प्रमाणपत्रावरची टक्केवारी वेगळ्या नियमांनी ठरते, पण मूळ तपासणी समोर असली की मंडळाचंही काम सोपं होतं.

त्या मुलाच्या डिस्चार्ज कागदावर मी लिहीन ते असं : "एकत्रित पातळी सी ५. एशिया सी. ताकद हात २०/५०, पाय ३/५०. एस ४-५ स्पर्श आहे, टोचणी नाही, आवळणं नाही. इजेनंतर चौथा दिवस, तारीख, वेळ, तपासणाऱ्याचं नाव. पुढची तपासणी एक महिन्याने." ते मूळ कागद आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा आणि त्यांचा फोटो घरातल्या दोन जणांच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला सांगा. पावसाळ्यात धाब्याचं घर गळतं आणि पहिले भिजतात ते कागदच.